उपग्रहाने टिपलेली पृथ्वी खरी कशावरून? स्वतः पडताळून पाहायची रीत

एक जोडचित्र कित्येक वर्षं फिरतंय. नासाने प्रसिद्ध केलेली पृथ्वीची दोन चित्रं त्यात शेजारी ठेवलेली असतात, एक २००२ चं आणि एक २०१२ चं. दोन्हींत उत्तर अमेरिका समोर आहे. २००२ च्या चित्रात ती बेताची दिसते; २०१२ च्या चित्रात तिने जवळजवळ अख्खी तबकडी व्यापली आहे. खाली प्रश्न असतो: दहा वर्षांत खंड एवढा फुगला, की दोन्ही चित्रं बनावट?

हा प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला वेड्यात काढून विषय संपवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण याचं उत्तर देता येतं आणि तेही घरबसल्या, एक पृथ्वीगोल आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्याच सामानात. शंका आली तर ती तडीस न्यावी. अर्ध्यावर सोडलेली शंका तशीच मनात बसते आणि काही दिवसांनी तिची खात्री होऊन जाते.

पुढची रीत मी स्वतः वापरतो. पायऱ्या क्रमाने घ्या, कारण पहिली चुकली की पुढचं सगळं चुकतं.

पहिली पायरी: चित्राची जात ओळखा

‘हे खरं का?’ असं विचारण्याआधी ‘हे तयार कसं झालं?’ असं विचारा. पृथ्वीची म्हणून जी चित्रं आपल्यासमोर येतात, त्यांच्या ढोबळमानाने चार जाती आहेत.

पहिली जात म्हणजे एका क्षणात काढलेलं छायाचित्र. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी सुमारे २९,००० किलोमीटरवरून हॅसलब्लाड कॅमेऱ्याने ७० मिलिमीटर फिल्मवर काढलेली पृथ्वी या जातीची. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर आहे. छापताना तो उलटा फिरवला गेला, कारण लोकांना उत्तर वर बघायची सवय. म्हणजे इतक्या सरळसोट फोटोवरही एक ‘संस्कार’ झालेलाच आहे. तो फसवणूक नाही, पण माहीत असलेला बरा.

दुसरी जात संपूर्ण तबकडीची, पण हळूहळू टिपलेली. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीनेच फिरत एकाच जागेवर बसलेले भूस्थिर हवामान उपग्रह (जपानचा हिमावारी, अमेरिकेचे गोज, युरोपचे मिटिओसॅट, भारताचे इन्सॅट) फोटो ‘काढत’ नाहीत. ते पट्ट्यापट्ट्याने पृथ्वी झाडून घेतात. हिमावारीची एक तबकडी १० मिनिटांत पुरी होते. म्हणजे तिचा वरचा आणि खालचा भाग एकाच क्षणाचा नसतो.

तिसरी जात शिवलेल्या चित्रांची. सात-आठशे किलोमीटर उंचीवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरणाऱ्या उपग्रहाला अख्खी पृथ्वी एका नजरेत कधीच दिसत नाही. तो फेरीमागून फेरी पट्टे टिपतो आणि जमिनीवर ते जोडले जातात. २००२ चं प्रसिद्ध चित्र या जातीचं. टेरा उपग्रहावरच्या मोडिस उपकरणाचं काही महिन्यांचं निरीक्षण घेऊन बिनढगांचा सपाट नकाशा बनवला, तो गोलावर गुंडाळला आणि त्यावर ढगांचा वेगळा थर चढवला. हे चित्र घडवणारे नासाचे रॉबर्ट सिमन यांनी कसं केलं ते उघडपणे सांगितलं आहे, फोटोशॉप वापरल्याचंही. या चित्रात ढगांचे काही तुकडे पुन्हापुन्हा दिसतात, असं कुणी दाखवलं तर त्याच्याशी वाद घालू नका, ते दिसतात. मोडिसच्या लागोपाठच्या पट्ट्यांमध्ये विषुववृत्ताजवळ फटी राहतात आणि त्या भराव्या लागतात. हे चित्र एका क्षणाची साक्ष म्हणून कुणी पुढे केलं असेल, तर चूक पुढे करणाऱ्याची.

चौथी जात चितारलेली. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचं एक चित्र जगभर पसरलं, सगळा किनारा निखाऱ्यासारखा धगधगतोय असं. ते ‘नासाने घेतलेला फोटो’ म्हणून फिरलं. प्रत्यक्षात एका कलाकाराने महिनाभरात उपग्रहांनी नोंदवलेली आगीची ठिकाणं एकत्र करून संगणकावर बनवलेलं ते त्रिमितीय चित्र होतं. आकडे खरे, ठिकाणं खरी, पण असं दृश्य कुठल्याही क्षणी कुणाच्या डोळ्याला दिसलं नसतं.

जात ओळखायची कशी? चित्र उलट-शोधात (चित्र देऊन त्याच्या इतर प्रती शोधण्याच्या सोयीत) टाका आणि सर्वांत जुनी, सर्वांत मोठी प्रत गाठा. संस्थेच्या मूळ पानावर जा आणि चित्राखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. उपकरणाचं नाव, तारीख, वेळ, ‘एकत्रित’ किंवा ‘संकल्पचित्र’ असा उल्लेख तिथेच असतो. फिरता फिरता चित्र टिकतं, ओळी गळून जातात. मी तपासलेल्या बहुतेक ‘बनावट’ चित्रांत बनावट होती ती ओळ.

या पायरीचं सर्वांत बोलकं उदाहरण उत्तर ध्रुवावरच्या ‘भोका’चं. २३ नोव्हेंबर १९६८ च्या एसा-७ उपग्रहाच्या चित्रात ध्रुवाच्या जागी काळंभोर गोल वर्तुळ आहे. पृथ्वी आतून पोकळ आहे असं मानणाऱ्यांनी ते दार म्हणून दाखवलं. आता तारीख बघा. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २० अंश दक्षिणेला असतो. म्हणजे ७० अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे चोवीस तासांत एकदाही सूर्य उगवत नाही. चित्र दिवसभराचे उजेडातले तुकडे जोडून केलेलं आहे. जिथे उजेडच नाही तिथे काय जोडणार? काळं वर्तुळ नेमकं जिथे पडायला हवं तिथेच पडलं आहे. तारीख आणि जात या दोन गोष्टी कळल्या की भोक बुजतं.

दुसरी पायरी: किती अंतरावरून पाहिलं ते काढा

फुगलेल्या खंडाचं उत्तर इथे आहे. ही पायरी नुसती वाचू नका, करा.

३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. नसेल तर कुठलाही मोठा चेंडू घेऊन त्यावर आफ्रिकेएवढा आकार रंगवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडूच्या वळणाचे साधारण ७२ अंश भरतील असा, म्हणजे पूर्ण घेराचा पाचवा भाग. या गोलाच्या मापात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरसुद्धा दूर नाही. अपोलो १७ चा फोटो ६८ सेंटिमीटरवरून काढलेला. हवामान उपग्रह ८४ सेंटिमीटरवर. आणि लांबून अख्खी पृथ्वी टिपणारं डिस्कव्हर हे अमेरिकी यान १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे गोलापासून ३५ मीटर लांब.

गोल टेबलावर ठेवा, आफ्रिकेचा मध्य कॅमेऱ्याकडे करा. एक फोटो ३० सेंटिमीटरवरून काढा. मग तीन-चार मीटर मागे जा आणि गोल पहिल्याइतकाच मोठा दिसेल एवढं झूम करून दुसरा काढा. दोन्ही शेजारी ठेवा. जवळच्या फोटोत आफ्रिका तबकडीच्या काठांच्या बरीच जवळ पोचलेली दिसेल, लांबच्या फोटोत तिच्याभोवती भरपूर समुद्र आणि शेजारचे खंड. गोल तोच, कॅमेरा तोच. जोडचित्रातली उत्तर अमेरिकाही अशीच फुगली.

कारण साधं आहे. गोलाच्या जवळ गेलं की त्याचा अर्धा भाग दिसत नाही, मधला थोडा भागच दिसतो, आणि तोच पूर्ण तबकडी होऊन बसतो. किती भाग दिसेल याचं सूत्र पाठ करण्यासारखं आहे: उंची भागिले, पृथ्वीची त्रिज्या अधिक उंची यांची दुप्पट. त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरा. अवकाश स्थानकाच्या ४०० किलोमीटरवरून पृथ्वीचा जेमतेम ३ टक्के भाग दिसतो. १२,७४३ किलोमीटरवरून ३३ टक्के, अपोलोला ४१, भूस्थिर उपग्रहाला ४२ आणि डिस्कव्हरला जवळजवळ ५० टक्के. पूर्ण निम्मी पृथ्वी कुणालाच दिसत नाही.

१२,७४३ हा आकडा मी उगाच घेतला नाही. २०१२ च्या मालिकेत सुओमी एनपीपी उपग्रहाच्या पट्ट्यांपासून जे पूर्व गोलार्धाचं चित्र केलं, त्यात बघणाऱ्याची काल्पनिक जागा एवढ्या उंचीवर धरली होती. आफ्रिका उत्तर-दक्षिण ३७ अंश उत्तरेपासून ३५ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे ७२ अंश पसरली आहे. तबकडीच्या मधोमध असताना ती १२,७४३ किलोमीटरवरून तबकडीच्या व्यासाचा सुमारे ७६ टक्के भाग व्यापेल, अपोलोच्या अंतरावरून ६८ टक्के आणि डिस्कव्हरवरून ५९ टक्के. मी पट्टी लावून हे पुन्हापुन्हा मोजलं आहे. तुम्हीही मोजा. खंड मध्याच्या बाजूला सरकलेला असेल तर आकडा थोडा कमी येईल. आणि हेच हिशेब उलटे वापरता येतात: खंड किती मोठा दिसतो यावरून चित्र किती अंतरावरून पाहिलं आहे ते काढा आणि खाली लिहिलेल्या माहितीशी जुळतं का ते बघा. न जुळणारं चित्र सापडलं तर तिथे थांबा, तिथे खरंच काहीतरी शोधण्यासारखं आहे.

अंतराच्याच ओघात क्षितिजाच्या वळणाबद्दल. रुंद कोनाच्या भिंगात क्षितिज चित्राच्या मध्याच्या वर असेल तर फुगतं आणि खाली असेल तर उलटं वाकतं. फुग्याबरोबर वर पाठवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांची चित्रं दोन्ही बाजूंचे लोक पुरावा म्हणून दाखवतात आणि बरेचदा दोघांचंही चुकतं. चित्रफितीत क्षितिज फ्रेमच्या बरोबर मध्यातून जातं तो क्षण थांबवा. भिंगाचा बाक तिथे नाहीसा होतो. उरेल ते वळण पृथ्वीचं.

‘पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे म्हणतात, मग चित्रात गोल कशी?’ हाही नेहमीचा प्रश्न. विषुववृत्तावर व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवांतून १२,७१४. फरक २९८ मध्ये एक. हजार पिक्सेलच्या तबकडीत तो तीन-साडेतीन पिक्सेल भरेल. डोळ्याला दिसणार नाही, मोजलं तर सापडेल.

तिसरी पायरी: रंगांचा उलगडा करा

दोन चित्रांत समुद्राची निळाई वेगळी दिसली की लोक बिचकतात. उपग्रहावरच्या बहुतेक कॅमेऱ्यांना रंग असा दिसतच नाही. ते एकेका फिल्टरमधून करडी चित्रं घेतात आणि जमिनीवर ती लाल, हिरव्या, निळ्या जागी बसवली जातात. डिस्कव्हरवरच्या एपिक कॅमेऱ्याला असे दहा फिल्टर आहेत, अतिनीलपासून अवरक्तापर्यंत.

या पद्धतीची खूण डोळ्यांनी बघता येते, आणि मला ती फार आवडते. १६ जुलै २०१५ रोजी एपिकच्या समोरून चंद्र गेला. पृथ्वीच्या भरलेल्या तबकडीवरून करडा चंद्र सरकतोय, अशी ती मालिका आहे. त्यातलं एखादं चित्र पूर्ण आकारात उघडा आणि चंद्राच्या उजव्या कडेपाशी जा. कडेला हिरव्या रंगाची बारीक रेघ दिसेल, डाव्या कडेला लाल-निळ्याची सरमिसळ. ‘बघा, चिकटवल्याची खूण’ म्हणून हीच रेघ दाखवली गेली. पण तिन्ही रंगांची चित्रं साधारण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने घेतलेली होती आणि तेवढ्यात चंद्र पुढे सरकला. खालची पृथ्वी जुळवून घेतली, मग चंद्र थोडा सुटणारच. बनवणाऱ्याने चंद्र चिकटवला असता तर त्याची कड स्वच्छ आली असती.

अशीच खूण युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांत विमानांची सापडते. ही चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ मोफत आहे. एखाद्या मोठ्या विमानतळाच्या आसपासचा बिनढगांचा दिवस निवडा आणि शेवटपर्यंत झूम करा. उडणारं विमान एक पांढरा ठिपका दिसायच्या ऐवजी निळा, हिरवा, लाल असे तीन ठिपके ओळीत दिसतात. रंगांच्या टिपणीत सेकंदाच्या आसपासचा फरक असतो आणि विमान तेवढ्यात शे-दोनशे मीटर पुढे गेलेलं असतं. धावपट्टीवर उभं असलेलं विमान मात्र एकच दिसतं.

हवामान उपग्रहांच्या बाबतीत एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती क्वचितच सांगितली जाते. गोज मालिकेतल्या आताच्या उपग्रहांच्या कॅमेऱ्यात हिरवा पट्टाच नाही. लाल, निळा आणि वनस्पती चमकतात तो जवळचा अवरक्त, यांच्या मिश्रणातून हिरवा गणिताने काढतात. हिमावारीला हिरवा पट्टा आहे. रशियाच्या इलेक्ट्रो-एलच्या काही प्रसिद्ध चित्रांत अवरक्त पट्टा मिसळल्यामुळे जंगलं तांबूस-नारिंगी दिसतात. तेव्हा रंगावरून खरं-खोटं ठरवू नका. आकार, जागा आणि वेळ यांवरून ठरवा.

तारे का दिसत नाहीत? उन्हातली पृथ्वी इतकी झगझगीत असते की तिच्यासाठी लावलेल्या उघडझापीत तारे उमटत नाहीत. इतर उपग्रह का दिसत नाहीत? एपिकच्या चित्राची बाजू २,०४८ पिक्सेलची आहे. एका पिक्सेलमध्ये कित्येक किलोमीटर मावतात आणि उपग्रह असतो काही मीटरचा. या दोन प्रश्नांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नये.

चौथी पायरी: वेळ लावा, ढग जुळवा

ढग ही पृथ्वीची सही आहे. ती दर मिनिटाला बदलते आणि आधीपासून तयार करून ठेवता येत नाही. म्हणून सर्वांत भक्कम पडताळणी ढगांची.

आकाशात ढगांची ठळक कड असेल असा दिवस निवडा, अर्धं आकाश झाकलेलं आणि अर्धं निरभ्र. कड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर बघून लिहा, फोटो काढा, वेळ लिहा. मग तुमच्या भागावरच्या भूस्थिर उपग्रहाचं त्याच वेळेचं चित्र उघडा. चित्रांवरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्या वेळेत बदलून घ्या. बहुतेकांची चूक इथेच होते. कड जुळते का बघा. नंतरच्या तासाभराची चित्रं एकामागून एक लावून कड कुठे सरकणार ते ठरवा आणि पुन्हा बाहेर येऊन बघा. एकदा जुळलं तर योगायोग म्हणता येईल. आठवडाभर रोज जुळलं की तोच शब्द उच्चारायला जड जातं.

त्यानंतर स्वतंत्र संस्थांची तुलना. एकाच दिवसाचं, जमेल तितकं जवळच्या वेळेचं एकच वादळ नासा वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर, हिमावारीवर आणि एपिकच्या संग्रहात शोधा. अमेरिका आणि जपान अशा दोन देशांची यंत्रं, एक सातशे किलोमीटरवर, एक ३६ हजारांवर, एक १५ लाखांवर. वादळाच्या डोळ्याची जागा आणि भोवतालच्या पट्ट्यांचं वळण जुळायला हवं. वर्ल्डव्ह्यूवर मोडिसचं चित्र निवडलंत तर विषुववृत्तापाशी काळ्या पाचरी दिसतील. त्या म्हणजे पहिल्या पायरीत सांगितलेल्या फटी. तिथे त्या भरलेल्या नाहीत, आणि म्हणूनच मला ते पान २००२ च्या देखण्या चित्रापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

याहून कडक कसोटी ग्रहणाची. ९ मार्च २०१६ च्या खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली पॅसिफिकवरून सरकताना हिमावारीनेही टिपली आणि एपिकनेही. दोघांच्या चित्रांत त्या त्या वेळी सावली कुठे आहे ते आधीच छापलेल्या ग्रहणाच्या नकाशाशी ताडून बघता येतं. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणाची सावली उत्तर आफ्रिकेवरून लक्सॉरकडे आणि पुढे अरबस्तानाकडे जाईल. त्या दिवशीची मिटिओसॅटची चित्रं ओळीने बघा: वेळापत्रक आधी हातात, चित्र नंतर.

पाचवी पायरी: जवळून दिसणाऱ्या जमिनीची तपासणी

गूगल अर्थसारख्या ठिकाणी दिसणारी जमीन म्हणजे गोधडी आहे. तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या उपग्रहांचे, आणि अगदी बारीक तपशिलाचे पुष्कळसे विमानातून घेतलेले. त्यामुळे शेजारच्या दोन चौकोनांत ऋतू वेगळा दिसणं साहजिक आहे. गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या चित्रांची घड्याळाची खूण दाबा आणि तारीख बघितल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका. ‘कालच्या’ म्हणून पाठवलेल्या चित्रातली तारीख चार वर्षांपूर्वीची निघणं नित्याचं आहे.

काही ठिकाणी पूल मेणासारखे वितळून दरीत उतरलेले दिसतात. पूल तसा नाही आणि फोटोही तसा नाही. सपाट फोटो जमिनीच्या चढउताराच्या नमुन्यावर पांघरलेला असतो आणि त्या नमुन्यात दरी आहे, पूल नाही. उंच इमारती एका बाजूला कललेल्या दिसतात, कारण उपग्रह तिरका बघत होता. चीनमध्ये रस्त्यांचा नकाशा आणि खालचं उपग्रहचित्र काहीशे मीटरने सरकलेले दिसतात, कारण तिथल्या नियमाने नकाशे मुद्दाम विचलित केलेल्या सहनिर्देशकांवर काढावे लागतात.

आणि शंका घेणाऱ्यांची बाजू खरी ठरते त्या जागाही सांगायलाच हव्यात. अमेरिकेच्या १९९६ च्या एका कायद्याच्या आधारे इस्रायलची दोन मीटरपेक्षा बारीक तपशिलाची चित्रं अमेरिकी कंपन्यांना कित्येक वर्षं देता येत नव्हती. २०२० मध्ये ती मर्यादा ४० सेंटिमीटरवर आणली गेली. तिथली चित्रं धूसर का, असं विचारणारे बरोबर विचारत होते. सँडी बेटाचंही तसंच. न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिमेला हे बेट नकाशांवर होतं, गूगल अर्थवर काळ्या डागासारखं दिसत होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये सदर्न सर्व्हेयर हे संशोधन जहाज तिथे गेलं तर खाली १,३०० मीटरहून जास्त खोल पाणी. किनाऱ्यांच्या जुन्या माहितीतली चूक चित्रावर चढली होती. त्याआधी २००९ मध्ये कॅनरी बेटांजवळ समुद्रतळावर दिसलेली ‘बुडालेल्या नगरीची’ जाळी म्हणजे सोनार लावून फिरलेल्या जहाजांच्या वाटा होत्या. समुद्रतळाचं चित्र हा फोटो नसतोच. तेव्हा पडद्यावर काय फोटो आहे आणि काय माहितीवरून रंगवलेलं आहे, हा भेद दर वेळी करा.

सावल्यांची कसोटी सोपी आणि निर्दय आहे. अमेरिकेचे लँडसॅट आणि युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह कुठल्याही जागेवरून तिथल्या सूर्यवेळेनुसार सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. म्हणून कर्कवृत्ताच्या उत्तरेला त्यांच्या चित्रांत सावल्या वायव्येकडे पडतात. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. डिसेंबरअखेरीस साडेदहाला तिथे सूर्य सुमारे ३७ अंशांवर असतो, त्यामुळे सावली सुमारे १,१०० मीटर पडायला हवी. सेंटिनेलच्या १० मीटरच्या पिक्सेलमध्ये ती ११० पिक्सेल भरेल, उत्तरेकडून थोडी पश्चिमेला झुकलेली. मनोऱ्याचं निमुळतं टोक पुसट होतं म्हणून मोजताना थोडं कमी भरेल, पण माप जुळतं. इतर जागांसाठी सूर्याची उंची सनकॅल्क या संकेतस्थळावर काढा. बनावट चित्रात एका इमारतीची सावली इकडे आणि दुसरीची तिकडे, असं बरेचदा सापडतं.

सावल्यांमुळेच डोळा फसतो तेही लक्षात ठेवा. चित्रात उजेड खालून आला की डोंगर दरीसारखे आणि दऱ्या डोंगरासारख्या दिसू लागतात. चित्र १८० अंशांत फिरवा, सगळं जागेवर येईल.

खंडांच्या क्षेत्रफळाबद्दल शंका असेल तर सपाट नकाशावर उपग्रहचित्र बघू नका. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. हा दोष चित्राचा नाही, कागद सपाट असण्याचा आहे.

सहावी पायरी: चित्र स्वतः उतरवून घ्या

एवढं करूनही ‘पण हे सगळं त्यांच्याच संकेतस्थळावरून येतं’ असं मन म्हणत असेल तर ते म्हणणं खोडायला जाऊ नका. संकेतस्थळ बाजूला ठेवा. हवामान उपग्रह आपली चित्रं रेडिओवरून उघडपणे खाली पाठवतात.

जुन्या मार्गदर्शकांत अमेरिकेचे नोआ १५, १८ आणि १९ हे हवामान उपग्रह सांगितलेले असतील. ते २०२५ मध्ये बंद झाले, त्यांच्यामागे लागू नका. आता रशियाचे मेटिऑर-एम मालिकेतले उपग्रह बघा, १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. लागणारं सामान असं: संगणकाला लावायचा आरटीएल-एसडीआर रेडिओ, प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या दोन धातूच्या दांड्या आणि सॅटडंप ही मोफत संगणकप्रणाली. दांड्या इंग्रजी व्ही आकारात, १२० अंशांच्या कोनात, जमिनीला समांतर लावा आणि व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करा. भोवती मोकळं आकाश हवं. उपग्रह कधी येणार ते फेऱ्यांचा अंदाज देणाऱ्या कुठल्याही ॲपवर कळतं. किमान ४० अंश वर चढणारी फेरी निवडा.

माझ्या पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या, एकदा तार सैल होती आणि एकदा वेळेच्या हिशेबात गोंधळ. तिसऱ्या वेळी पडद्यावर संकेताचा उंचवटा उठला आणि रेघ रेघ करत ढग उतरू लागले. तो उंचवटा स्थिर नसतो, याकडे लक्ष द्या. उपग्रह जवळ येताना तो नेमलेल्या वारंवारतेच्या सुमारे तीन किलोहर्ट्झ वर असतो, डोक्यावरून जाताना झपाट्याने खाली घसरतो आणि लांब जाताना तेवढाच खाली राहतो. गाडीचा भोंगा जवळून जाताना उतरतो तसंच हे. या घसरणीवरून वेग काढता येतो, सेकंदाला सात किलोमीटरच्या वर. कुठलाही मनोरा, फुगा किंवा विमान असा संकेत देऊ शकत नाही.

फेरी दहा-बारा मिनिटांत संपते. उपग्रह क्षितिजाकडे उतरला की रेघा तुटायला लागतात, मध्ये काळे पट्टे येतात आणि चित्र थांबतं. आता सॅटडंपने साठवलेली कच्ची प्रत उघडा. करडी, पट्ट्यापट्ट्यांची, दोन्ही कडांना दाबलेली, कारण कडेला उपग्रह तिरका बघतो आणि पृथ्वी वळलेली असते. मग भूमिती सुधारणारा पर्याय निवडा, पट्टे एकत्र करून रंग भरा, किनाऱ्याची रेघ वर चढवा. कच्ची प्रत पुसू नका. दोन्ही शेजारी ठेवा, वेळ लिहा आणि त्याच वेळेचं भूस्थिर उपग्रहाचं चित्र तिसऱ्या खिडकीत उघडून ढगांच्या कडा एकेक करून जुळवा.